आखाड्यावरचा जर्मन

दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा बायको जीपमध्ये बसली, पोरीला मांडीवर घेतलं, पदर सारखा केला, आणि ड्रायव्हरने गाडी चालू केल्यावर, म्हणजे मला वाद घालायला वेळ उरणार नाही असं बघून, म्हणाली, "धड राखणीचं कुत्रं असल्याबिगर मी तान्हं लेकरू घेऊन आखाड्यावर येणार न्हाई. गावातल्या घरी येईन. तुमी ऱ्हावा मंग हितं, पाण्याची मोटार राखत."

जीप निघून गेली. मी धुळीत उभा राहून "व्हय" म्हणालो.

आखाडा म्हणजे आमच्या भागात कुस्तीचा नव्हे. शेतातलं घर, गोठा, कडब्याची गंजी, बैलांचा हौद हे सगळं मिळून आखाडा. आमचा हिंगोलीजवळच्या नरसीच्या अलीकडे आहे, गावापासून चालत यायचं म्हटलं तर पाहुणे विचार बदलतात इतका लांब. तिथं राहायला जायची कल्पना माझीच. गावातल्या घरात थोरला भाऊ, वहिनी, त्यांची लेकरं, माय आणि आम्ही तिघं. चौथं येणार म्हटल्यावर मी एक दिवस जेवताना जाहीर केलं, की शेतात दोन खोल्या बांधू. मोकळी हवा, लेकरांना खेळायला जागा. वहिनी इतक्या पटकन हो म्हणाल्या की मला थोडं वाईट वाटलं. मायही आमच्याबरोबर आली. म्हणाली, "दोन सुनांच्या मधी बसून बसून माही मान दुखून राहिली. इकडं पाह्य, तिकडं पाह्य."

मोकळी हवा भरपूर होती. त्या हवेत रानडुकरंही होती, हे मी जाहीर केलं नव्हतं.

थंडीचे दिवस होते, हळद शेतात उभी होती. दुपारची वेळ. पोरगी खळ्यात बसून डबड्यात माती भरत होती. बायको पोटुशी, तारेवर धुणं टाकत होती. हळदीतून एक डुक्कर बाहेर आलं, खळ्याच्या काठाशी थांबलं आणि पोरीकडे बघू लागलं. पोरगीही त्याच्याकडे बघू लागली. बायकोने हातातली ओली चादर टाकली, पोरीला उचललं, पोट सांभाळत बैलगाडीवर चढली आणि तिथून मला हाका मारायला लागली.

मी बांधावरच्या कडुलिंबावर होतो. आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त त्या लिंबाच्या दुसऱ्या फांदीवर येते. कानात वायरी घातलेल्या, आणि रानडुकरांचा बंदोबस्त कसा करावा याचा व्हिडिओ मी मन लावून बघत होतो. डुक्कर आपलं आपण निघून गेलं. व्हिडिओ पुढे बराच उरला होता.

तेव्हा अट रास्त होती, हे मला कबूल होतं. ती पुरी झाली नाही तर घराचे सरळ दोन तुकडे होणार होते. बायको आणि लेकरं गावात वहिनींच्या स्वयंपाकघरात, मी आखाड्यावर. मायने तर आधीच सांगून टाकलं होतं, "ती न्हाई आली तर म्याबी गावात जाईन. तुह्या हातचं खाऊन मरायचं हाय का मला?"

मी डी.एड. झालेला शेतकरी आहे. नोकरी लागली नाही, पण अभ्यासाची खोड राहून गेली. दुसऱ्या कोणी गावात फिरून एखादं पिल्लू पदरात घातलं असतं. मी लिंबावर चढलो आणि वाढत्या कुटुंबाला राखणीसाठी कुत्र्याची कोणती जात बरी, याचा अभ्यास सुरू केला. व्हिडिओतला माणूस हिरव्यागार लॉनवर उभा राहून बोलायचा. कुत्र्याला रोज इतका व्यायाम पाहिजे, इतकं खाणं पाहिजे, गार जागा पाहिजे, असं तो पुष्कळ काही सांगायचा. मी तेवढं पुढं ढकलून 'लेकरांना जीव लावतो, परक्यावर धावतो' इथं येऊन थांबायचो.

लोकांनाही विचारलं. ही चूक होती, कारण कुत्र्याबद्दल मत नसलेला माणूस आमच्या तालुक्यात मला भेटला नाही. हिंगोलीत माझा एक वर्गमित्र औषधाच्या दुकानात असतो. तो म्हणाला, "रॉटवायलर घे. नुसतं पाहूनच माणूस अर्धा मरतो." मी म्हणालो, घरात मायपण त्याला रोज पाहणार आहे. चुलतभाऊ म्हणाला, डॉबरमनचं नाव काढू नको, त्याचा मेंदू वाढत जातो आणि एक दिवस तो मालकालाच खातो. मेंदू वाढल्यावर मालकाला खावंसं का वाटतं, हे मी विचारलं नाही. मला ते पटल्यासारखं झालं. लॅब्रेडॉरबद्दल तर तो म्हणाला, "चोर आला तर त्याच्या म्होरं चालून मोटार कुटं हाय ते दाखवंल." औंढ्याच्या रस्त्याला एकाकडे कारवानी कुत्रं होतं, सडसडीत, वाऱ्यासारखं. मालक म्हणाला, "डुकराच्या मागं लागलं की सोडत न्हाई. मागच्या खेपेला चार गावं पुढं सापडलं." मला राखण आखाड्याची पाहिजे होती, चार गावांची नाही.

हळद काढून झाल्यावर आमच्या रानात एका धनगराची मेंढरं बसवली होती. मेंढरं बसली की लेंड्यांचं फुकट खत होतं, म्हणून आम्ही ती दरवर्षी बसवतो. त्याच्याजवळ एक कुत्रा होता, तांबूस, कान फाटलेला. मेंढरांच्या कडेला असा बसायचा की जणू हाच मालक आणि धनगर चाकरीला. मला तो आवडला. मी धनगराला विचारलं, "जात कोणती?"

तो चमकून माझ्याकडे बघू लागला. "धनगर की. लहानपणापसून पाहता मला, अन् आज इचारता?"

"तुमची न्हाई हो. कुत्र्याची."

त्याने कुत्र्याकडे वळून नीट पाहिलं, जसं काही या अंगाने कधी पाहिलंच नव्हतं. "कुत्र्याचीच दिसती," म्हणाला.

मग त्याने एक पिल्लू देऊ केलं. मी नको म्हणालो. ज्याची जात मालकालाच सांगता येत नाही ते बायकोला काय म्हणून सांगणार? त्याच दुपारी त्या कुत्र्याने बांधावर ठेवलेली माझी भाकरी फडक्यासकट नेली आणि माझा निर्णय बरोबर होता अशी माझी खात्री पटली.

मी जर्मन शेफर्ड ठरवला. घरी येऊन मायला सांगितलं, "जर्मन आणतो."

माय भांडी घासत होती. "जर्मनचं काहून?" म्हणाली. "काळं पडतं. आणायचं तर पितळीचं आण, सुनंला जल्मभर पुरंल."

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मन म्हणतात. मी तिला समजावलं की हे पातेलं नव्हे, कुत्रं आहे. माय म्हणाली, मग तर अजिबातच आणू नको.

पिल्लू आणावं तर ते मोठं होईपर्यंत आपणच त्याची राखण करायची. म्हणून मोठं कुत्रं शोधलं. हिंगोलीतले एक कापडवाले शेठ मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला निघाले होते आणि त्यांचा दोन वर्षांचा जर्मन त्यांना कुणाला तरी चांगल्या घरी द्यायचा होता. मी माझं घर चांगलं आहे असं सांगितलं. शेठने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "जाओ बेटा," म्हणाले आणि तोंड फिरवून आत गेले. कुत्रा टेम्पोत शहाण्यासारखा चढला. वाटेत प्रत्येक फाट्यावर लोक मान वळवून बघायचे. मी त्याच्या गळ्यातला पट्टा धरून असा बसलो होतो की जणू त्याला मीच जन्माला घातला.

आखाड्यावर उतरला तेव्हा दोन्ही बैल उठून उभे राहिले. माय दारातून म्हणाली, "अगं बया, लांडगा!" मला फार बरं वाटलं. हेच तर पाहिजे होतं.

मग मी मोटार चालू केली. स्टार्टरचा खट्ट आवाज झाला आणि लांडगा मायच्या बाजेखाली गेला.

त्याला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. पुढच्या आठवडाभरात कळलं की तो बैलांना भितो, वाळत घातलेल्या ताडपत्रीला भितो, आणि मायची तुऱ्याची कोंबडी त्याच्या ताटलीत चोच घालायची तेव्हा तिचं होईपर्यंत बाजूला उभा राहतो. हिंदीशिवाय त्याला काही समजत नव्हतं. मी "बैठो", "आओ" करत हिंडायचो. माय म्हणाली, "माह्या दारात ऱ्हायचं तर मराठी शिकंल ते. म्या या वयात हिंदी शिकणार न्हाई." आणि दूध-भाकरी काला करून ताटली खाली ठेवताना ती "ये रे जर्मन्या" म्हणायची. चार दिवसांत त्याला मराठी यायला लागलं. माझं हिंदी मात्र मला चिकटून राहिलं, आणि त्याचा त्रास पुढे झाला.

होळी झाली आणि ऊन तापलं. व्हिडिओतला गार जागेचा भाग मला तेव्हा आठवला. त्याला तो आठवायची गरज नव्हती. त्याने बैलांचा हौद शोधून काढला. सकाळी दहाला आत जायचा आणि ऊन उतरेपर्यंत फक्त डोकं बाहेर. बैल हौदाशी यायचे, त्याचं डोकं बघायचे आणि पाणी न पिता परत जायचे. माय रोज हौद उपसायची. "रेडा आणला असता," म्हणायची, "तर निदान नांगराला जुपला असता."

तेव्हा मी ठरवलं, याला शिकवायला पाहिजे.

त्याच्या हिंदीत कोणाच्या अंगावर जायचा शब्दच नव्हता. शेठ मऊ माणूस. मी आपला घरचा शब्द घेतला: छू. कुत्र्याला कुणाच्या अंगावर सोडायचं तर आमच्याकडे हेच म्हणतात, आणि थांबवायचं तर हाड. लहान पोरालाही येतात हे शब्द. चोर म्हणून मी एका पोत्यात सोयाबीनचा भुस्सा भरला, त्याला हातपाय केले. आता त्याच्या अंगावर कपडे काय घालायचे? माझे घातले तर कुत्रा माझ्याच अंगावर यायला शिकेल, एवढी अक्कल मला होती. ती तिथंच संपली. मी मायच्या पेटीतून वडिलांचं जुनं धोतर, सदरा आणि पांढरी टोपी काढली.

माय म्हणाली, "तुह्या बापानं जल्मात कोनाला दुखवलं न्हाई. अन् आता त्याच्या धोतरावर कुत्रं सोडतो का रं?"

"नातवंडं आखाड्यावर यायला पाहिजेत का न्हाई?"

धोतर मी चुकीचं नेसवतोय हे बघून मायने ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः नीट नेसवलं.

पहिले काही दिवस मी छू म्हणायचो आणि जर्मन्या माझ्याकडे बघायचा. मी स्वतः धावून दाखवलं. भुंकूनही दाखवलं. तो हौदात जायचा. शेवटी मी बाजारातून सुकट आणली, धोतराच्या सोग्यात पुरचुंडी करून खोचली आणि म्हणालो, छू. तो असा सुटला की चोर उताणा पडला, धोतर फिटलं आणि सोगा त्याच्या दातात. नंतर रोज तेच. छू म्हटलं की पांढरं धोतर, धोतर ओढलं की सुकट. खरं बघितलं तर ही राखण नव्हती, जेवण होतं. पण लांबून बघणाऱ्याला फरक कळत नव्हता, आणि चोरही लांबूनच बघतो असं मी धरून चाललो.

याचा व्हिडिओ काढून मी लिंबावरून बायकोला पाठवला. तिचा फोन आला. ती हसत होती. "धोतर लई बराबर नेसवलंय हो. आबावाणीच दिसून राहिलंय ते."

आबा म्हणजे तिचे वडील. मी ही मायच्या हाताची तारीफ समजलो.

चैतात बाळ झालं. बारशाला मी आणि माय शिरड शहापूरला, तिच्या माहेरी जाऊन आलो. बाळ चांगलं होतं, माझ्यावर गेलं नव्हतं. निघताना मी विचारलं, "मंग कवा येता?" बायको म्हणाली, "आबा येऊन कुत्रं पाहतील. आबानं व्हय म्हटलं की पेरणीच्या आधी येते. न्हाई म्हटलं तर गावात." मागे वहिनींचा निरोपही आला होता, की कोपऱ्यातली खोली झाडून ठेवली आहे. म्हणजे सगळं मामांवर येऊन ठरलं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो.

मामांची परीक्षा म्हणजे साधी नव्हे. बैलबाजारात दोघांचा सौदा अडला की लोक मामांना बोलावतात. ते बैलाचा ओठ वर करतात, दात बघतात, पाठीवर थाप मारतात आणि एक शब्द बोलतात. लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हा मी पूर्ण वेळ तोंड मिटून बसलो होतो.

ते आले अक्षय्य तृतीयेनंतर, सकाळच्या बसने. सोबत माझी पोरगी. तिला तिच्या आजीची, म्हणजे मायची, आणि कुत्र्याची फार आठवण येत होती. कुत्रा तिने फक्त व्हिडिओत बघितला होता. मामा पांढरं स्वच्छ धोतर, सदरा, टोपी अशा वेषात, फाट्यावरून घेऊन आलेल्या माझ्या मोटारसायकलवरून उतरले. ते समोर उभे राहिल्यावर मला गोठ्यातला चोर आठवला. पण जर्मन्या हौदात होता. त्याने एक डोळा उघडला, मामांकडे बघितलं, धोतराकडे बघितलं आणि डोळा मिटला. शब्द उच्चारला गेला नव्हता. मी निर्धास्त झालो.

"हे राखण करून राहिलं का आंघोळ?" मामांनी विचारलं.

"ऊन सोसत न्हाई त्याला, मामा."

"मंग चोराला सांगून ठिवा, पावसाळ्यात येत जा म्हणून."

पोरगी हौदाच्या कठड्यावर चढून त्याचे कान ओढत होती. तो ओढू देत होता. मामा जवळ गेले, त्याचा ओठ वर केला, दात बघितले. जर्मन्याने त्यांचा हात चाटला. मामांनी हात धोतराला पुसला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "दात चांगले हायत. पण ह्याला पाहून चोर पळणार न्हाई. चोर ह्यालाच घेऊन पळंल."

माझ्या डोळ्यांसमोर वहिनींची झाडलेली खोली आली. मी म्हणालो, "थांबा मामा, तुमाला दाखवतो," आणि गोठ्यात चोर आणायला धावलो. तिथं चोर उघडा पडलेला. त्याचे कपडे मायने धुवायला काढले होते; व्याही येणार, घरात पोत्याला धोतर नेसवलेलं दिसायला नको म्हणून. मी "माय, धोतर कुटं हाय?" म्हणून ओरडतोय तोवर बाहेर पोरगी रडल्याचा आवाज आला. ती माझ्यामागं धावली होती आणि तुषार सिंचनाच्या पाइपाला अडखळून पडली होती. गुडघा सोलवटला होता.

मी गोठ्याच्या दारातून बघितलं. मामांनी तिला उचललं होतं, ओट्यावर बसवलं होतं, आणि खाली वाकून ते तिच्या गुडघ्यावर फुंकर घालत होते. माझ्या सासरी लेकरू पडलं की अशीच फुंकर घालतात, आणि प्रत्येक फुंकरीला एक शब्द म्हणतात.

"छू," मामा म्हणाले. "छू. गेला बाऊ. छू."

हौदातून इतकं पाणी बाहेर उडालं की बैल मागं सरकले.

मी धावलो. पण तोवर सोगा दातात गेला होता. मामा म्हणजे पन्नास बैलांना लोळवलेला माणूस. ते सोगा सोडायला तयार नाहीत. जर्मन्याला मामांशी काही देणंघेणं नव्हतं, तो सुकट शोधत होता. मामा गोल फिरले, धोतर एका बाजूने सुटत गेलं. मला मराठी सुचेना. सगळा जीव एकवटून मी ओरडलो, "बैठो! बैठो!"

मामा खाली बसले.

कुत्रा बसला नाही. शेवटी पोरगी रडत रडतच ओट्यावरून उतरली, त्याच्या नाकावर चापट मारली आणि म्हणाली, "हाड! माहे आबा हायत ते!"

त्याने सोगा टाकला. कान पाडले. दोन पावलं मागं सरकून पोरीच्या पुढ्यात बसला, पाठ तिच्याकडे आणि तोंड आमच्याकडे करून. मामा उठून तिला घ्यायला गेले तेव्हा तो गुरगुरला. मोठ्याने नाही, घशातल्या घशात. या आवाजाला सुकटीचा वास नव्हता. हा आवाज मी त्याच्याकडून पहिल्यांदाच ऐकत होतो आणि तो शिकवलेला नव्हता. मी पुढं झालो तर माझ्यावरही गुरगुरला. पोरगी त्याच्या पाठीवर रेलून गुडघा बघत बसली. तिने "येऊ दे" म्हटलं तेव्हाच त्याने आम्हाला येऊ दिलं.

तेवढ्यात माय बाहेर आली. खाली धुळीत व्याही आणि अंगावर धोतर जवळजवळ नाहीच, हे बघून तिने पदर डोळ्यांवर ओढला, पाठ फिरवली आणि उलट्या हाताने तारेवरचं धुतलेलं धोतर मागं धरलं. मामांनी ते घेतलं आणि कोपऱ्यात जाऊन नेसून आले. माझ्या वडिलांचं, म्हणजे चोराचं. जर्मन्याने मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं.

जेवायला बसलो. जर्मन्या उंबऱ्याशी, नजर धोतरावर. मी म्हणालो, "मामा, येक इनंती हाय. फक्त तो शब्द बोलू नका."

"कोंचा शब्द?"

आता कसा सांगणार? मी हातवारे केले. फुंकर मारून दाखवली. मामा म्हणाले, "इस्तू पेटवायचा का?" मी बोट पाण्यात बुडवून फरशीवर अक्षर काढलं. मामा शाळेत थोडेच दिवस गेलेले, त्यांनी चष्मा लावला, वाकले आणि मोठ्याने जुळवत वाचायला लागले, "छ... छ ला दीर्घ..."

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

माझ्या हाताला वरण लागलेलं होतं. आमच्या भागात जावयाने सासऱ्याच्या तोंडावर हात ठेवल्याचं याआधी कुणी ऐकलेलं नसावं. माय आत निघून गेली. मामा माझ्या हाताच्या वरून माझ्याकडे बघत राहिले. मग माझा हात त्यांनी हळूच बाजूला केला, मिशी पुसली आणि भाकरी मोडली. पूर्ण जेवण होईपर्यंत एक शब्द नाही. दुपारच्या बसला सोडायला गेलो तेव्हाही नाही. पोरीला खिडकीशी बसवलं आणि बस गेली. बाजारात मामा एक शब्द तरी बोलतात.

संध्याकाळी मी फांदीवर बसून राहिलो. फोन करायची हिंमत होईना. बायकोचाच आला.

"आबा काय म्हणले?" मी विचारलं.

"काय म्हणतील? दुसऱ्याचं धोतर नेसून आले. आईनं इचारलं तर म्हणले, जावयाला इचार." हसू दाबत होती का राग, ते रेंजमुळं कळेना. "मला पोरीनं सांगितलं. येक सांगा. तिला दात लागला का?"

"न्हाई."

"नख?"

"न्हाई. तिच्या म्होरं बसला व्हता. आमाला जवळ येऊ देईना."

"तिनं हाड म्हटल्यावर सोडलं?"

"व्हय."

"अन् तुमी म्हटल्यावर?"

मी लिंबाच्या पानांकडे बघितलं. "मी हिंदीत म्हटलं व्हतं."

"तुमचं न्हाई ऐकलं ना?"

"न्हाई."

"बरं हाय," ती म्हणाली. "येते मी. पण त्या पोत्याला आदी जाळा. अन् तो शब्द घरात कोनी काढायचा न्हाई. कुत्रं हाय ते, त्याला कवा धावायचं कळतं. तुमी शिकवू नका."

पोतं मी त्याच संध्याकाळी जाळलं. सासरची फुंकर आता आमच्याकडे बिनशब्दाची असते. माय तिला मुकी फुंकर म्हणते. जर्मन्याचे केस उन्हाळ्यात बारीक कापतो, त्याला लिंबाखाली वेगळी टाकी केली आहे. मोटारीचा स्टार्टर खटकला की तो अजूनही बाजेखाली जातो. रानडुकरं येतात, तो भुंकतो, ती जातात. जाताना फार घाई करत नाहीत, पण खळ्यापर्यंत येत नाहीत. हल्ली कुत्रं घ्यायचं असलं की लोक मला जात विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, आमच्या उन्हात जर्मन आणू नका. ते हौदाकडे आणि मग माझ्याकडे बघतात.

बायको आली ती पेरणीच्या आधी, एका सकाळी. जीपमधून उतरली, घरात न जाता आधी खळ्यात उभी राहून चारी बाजूंनी बघितलं. मग दारातल्या आढ्याला झोळी बांधली, बाळाला तिच्यात ठेवलं आणि चहा टाकायला चुलीशी गेली. जर्मन्या आला. झोळीचा, मग बाळाच्या बाहेर आलेल्या पायाचा वास घेतला, शिंकला आणि झोळीखाली अंग टाकलं. मी लांबून बघत होतो. बारशानंतर बाळाला हातात घेतलं नव्हतं, म्हणून पुढं झालो आणि झोळीत हात घातला.

त्याने डोकं उचललं. घशातल्या घशात तो आवाज काढला. माझ्याकडे बघतही नव्हता. चुलीकडे बघत होता, तिच्याकडे.

बायकोने चहात साखर टाकली, ढवळली, आणि मागं न वळता म्हणाली, "घेऊ दे रे त्यांला."

त्याने डोकं खाली ठेवलं. मी बाळाला उचललं.